तीन फुटी प्लांटेड टँकचा तळ: अ‍ॅक्वासॉइल, लाल माती की नुसती वाळू?

हिरवा_कोपरा

नमस्कार मंडळी. माशांसोबत खरी पाणवनस्पती वाढवायचा प्लांटेड टँक करतेय. टँक ३६ × १८ × १८ इंच, १० मिमी काच, स्टँड आणि लाइट तयार आहे. फक्त तळात काय घालायचं हे ठरत नाहीये. कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, पाणी महापालिकेच्या नळाचं. पाणी तपासायच्या किटवर केएच (कार्बोनेट कठीणपणा) ३, जीएच (एकूण कठीणपणा) ४ आणि पीएच ७.४ आला.

झाडं: मागे व्हॅलिस्नेरिया आणि थोडी रोटाला, मध्ये क्रिप्टोकोरीन वेंडटी, लाकडावर अनुबियास आणि जावा फर्न, पुढे जमलं तर हेअरग्रास. मासे: कोरीडोरास ८, छोटे टेट्रा २०. झाडांना सीओटू (कार्बन डायऑक्साइड) द्यायचा सिलिंडर घेणार नाही, हे पक्कं आहे.

समोर चार पर्याय आहेत.
१) अ‍ॅक्वासॉइल. दुकानदार चार बॅगा सांगतोय.
२) पन्हाळ्याकडची लाल माती खाली, वर वाळू.
३) घराच्या बांधकामातली उरलेली नदीची वाळू, नुसतीच.
४) मामांच्या उसाच्या रानातली काळी माती. म्हणतील तेवढी मिळेल.

कोणतं घेऊ, किती लागेल, आणि यातलं काही एकमेकांत मिसळलं तर चालतं का?

तळ_आणि_मूळ

ताई, आधी माप घेऊ. तुमच्या टँकच्या तळाचं क्षेत्रफळ ९१ × ४६ सेमी, म्हणजे साधारण ४,२०० चौरस सेमी. म्हणून दर १ सेमी जाडीला ४.२ लिटर माल लागतो. हा आकडा लिहून ठेवा, पुढची सगळी गणितं यावरच होतात. सरासरी ६ सेमी थर धरला तर २५ लिटर. अ‍ॅक्वासॉइलच्या ९ लिटरच्या तीन बॅगांत भागतं, चौथीची गरज नाही. तेवढीच जागा वाळूने भरायची तर ४० किलो धरा, कारण कोरडी वाळू लिटरला साधारण १.६ किलो भरते.

आता निवड. ती बॅगेवरचं नाव बघून करायची नाही. झाडं कुठून खातात आणि तुमचं पाणी कसं आहे, यावर सगळं ठरतं.

अनुबियास आणि जावा फर्न यांना तळाशी देणंघेणं नाही. त्यांचा आडवा जाड कंद मातीत पुरला तर सडतो. लाकडाला दोऱ्याने बांधा आणि विसरा. रोटाला पाण्यातून आणि मुळातून, दोन्हीकडून घेते. तळावर खरं पोट आहे ते क्रिप्टोकोरीन आणि व्हॅलिस्नेरियाचं. म्हणजे तुमच्या यादीतली निम्मी झाडं मुळाने खाणारी आहेत. नुसती धुतलेली वाळू घातली तर पहिले दोन महिने बरे जातील, मग क्रिप्टोची नवी पानं लहान आणि फिकट येऊ लागतील. वाळूत अन्न नसतं आणि ती अन्न धरूनही ठेवत नाही.

अ‍ॅक्वासॉइल ही भाजून दाणेदार केलेली माती. तिच्यात नत्र असतं, अमोनियम-पोटॅशियमसारखे घटक ती धरून ठेवते आणि पाण्यातला केएच ओढून घेऊन पीएच ७ च्या खाली आणते. सीओटू आणि नाजूक लाल झाडांसाठी उत्तमच. पण तुमच्याकडे केएच मुळात ३ आहे आणि सीओटू नाही. व्हॅलिस्नेरिया पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकते, आणि केएच म्हणजे तेच बायकार्बोनेट. अ‍ॅक्वासॉइलने ते शून्यावर आणलं की व्हॅलिस्नेरियाच्या तोंडचा घास गेला. पैसे जास्त जाऊन मागची रांगच रडत बसेल. म्हणून तुमच्या टँकसाठी माझं मत अ‍ॅक्वासॉइलच्या विरुद्ध आहे. किंमत हे त्यातलं दुसरं कारण.

तरीही घेतलीच तर धुवायची नाही, दाणे फुटून चिखल होतो. पहिला आठवडा रोज निम्मं पाणी बदला, दुसरा आठवडा एक दिवसाआड, पुढे आठवड्यातून दोनदा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत मासा सोडायचा नाही. त्याला ३ ते ६ आठवडे लागतात. आणि तिच्यावर वाळू पसरू नका. दाणे मोठे आणि हलके, वाळू बारीक आणि जड. चार-सहा महिन्यांत वाळू फटींतून खाली उतरते आणि दाणे वर येऊन बसतात.

तुमच्यासाठी २ आणि ३ यांचं एकत्र रूप बरं: खाली माती, वर वाळू. फक्त कुठली माती आणि कुठली वाळू, यावर सगळा खेळ आहे.

माती_परीक्षा

वरच्या उत्तराशी सहमत. मातीचं सांगतो, कारण आपल्या जिल्ह्यात दोन टोकांच्या माती आहेत आणि दोन्हींचे दोष वेगळे.

लाल माती. पन्हाळा, जोतिबा, पुढे शाहूवाडी-राधानगरीकडच्या पठारांवर जांभा आहे आणि ही माती त्याच जांभ्याची. भरपूर पावसाने बाकीचे क्षार वाहून गेले, लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड मागे राहिले. त्यामुळे लोह मुबलक, पण नत्र-स्फुरद कमी आणि अन्न धरून ठेवायची ताकदही कमी. वाळूखाली हवा पोचत नाही तिथे लोहाचं रूप बदलतं, ते विरघळतं आणि मुळांना मिळतं. क्रिप्टोला हे मानवतं. पण नुसत्या लाल मातीचा जाड थर दिला तर लोह जास्त होतं, मुळांवर गंजासारखा थर चढतो, आणि वर स्फुरद लोहाला चिकटून बसतं ते वेगळंच. दुसरा दोष गढूळपणाचा. तिचा सर्वांत बारीक कण एकदा पाण्यात उठला की आठवडा-आठवडा बसत नाही. आणि गडावरून किंवा वनखात्याच्या हद्दीतून माती उचलू नका. नर्सरीत शेणखत न मिसळलेली कोरी लाल माती पोत्याने मिळते, तीच मागा.

काळी माती. बसाल्ट झिजून झालेली, फुगणाऱ्या चिकणमातीची. अन्न धरून ठेवण्यात तिला तोड नाही, लाल मातीच्या कितीतरी पट धरते. पण ओली झाली की फुगते, घट्ट बसते, आतला वायू बाहेर येऊ देत नाही. शिवाय तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे असतात, ते हळूहळू विरघळून पाणी जड करतात. म्हणून नुसती काळी माती तळाला कधीच नाही. मिश्रणात पाचवा-सहावा हिस्सा असेल तर मात्र फार उपयोगी.

आता मामांचं रान. ताई, इथे जरा थांबा. उसात ॲट्राझिन, मेट्रिब्युझिन, २,४-डी ही तणनाशकं सर्रास मारली जातात. तणनाशक तण मारतं म्हणजे झाडच मारतं, पाण्यातलं झाड त्याला अपवाद नाही. शेवटची फवारणी कधी आणि कशाची, हे आधी विचारा. मग घरीच चाचणी लावा: दोन कुंड्या घ्या, एकीत रानातली माती, दुसरीत खात्रीची कोरी माती. दोन्हींत काकडी, टोमॅटो आणि घेवड्याच्या प्रत्येकी ८-१० बिया टाका आणि ३ आठवडे बघा. बी उगवलं एवढ्यावर खूश होऊ नका. ॲट्राझिन असेल तर रोप उगवतं, पहिली खरी पानं येतात आणि मग कडेपासून पिवळी पडून करपतात. २,४-डी असेल तर टोमॅटोची पानं आणि देठ पिळवटल्यासारखे वाकडे होतात. दोन्ही कुंड्या सारख्याच तरारल्या तरच माती घ्या, तीही बांधाकडची. सरीतली नको, तिथे युरिया आणि पोटॅश ताजं असतं.

साखर कारखान्याच्या प्रेसमडचं (रस गाळून उरलेल्या मळीचं) कंपोस्ट कुणी सुचवलं तर तेही टाळा. सेंद्रिय भाग आणि स्फुरद इतकं असतं की तळ सडतो आणि वर शेवाळ माजतं. कोकोपीटही नको, ते तरंगत वर येतं.

कोरी_सिलिका

वाळूवर मी लिहितो.

बांधकामातल्या नदीच्या वाळूत तीन गोष्टी बघायच्या: चुना, बारीक माती, दाण्याचा आकार.

चुन्याची चाचणी व्हिनेगरवर करू नका, ते फार सौम्य असतं, थोडा चुना असेल तर काही दिसतच नाही. हार्डवेअरच्या दुकानातलं म्युरिॲटिक (हायड्रोक्लोरिक) ॲसिड आणा. काम गच्चीवर किंवा अंगणात, हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, जवळ पाण्याची बादली. ब्लीचच्या आसपासही न्यायचं नाही, विषारी वायू होतो. काचेच्या बशीत चमचाभर ओली वाळू पसरून ड्रॉपरने ५-६ थेंब टाका आणि वाकून न बघता बाजूने बघा. चुना असेल तर सोडा-वॉटरसारखे बारीक बुडबुडे येतात, आणि ते सगळीकडून येत नाहीत. एखाद्या पांढऱ्या कणाभोवती, शिंपल्याच्या कपच्याभोवती घोळका करून येतात. त्यावरून नेमका कुठला कण दोषी ते कळतं. एवढ्यावर मन भरत नसेल तर बरणीची चाचणी लावा: एका बरणीत अर्धी वाळू आणि अर्धं नळाचं पाणी, दुसरीत नुसतं पाणी, ७ दिवस तसंच. मग दोन्हींचा केएच मोजा. वाळूच्या बरणीत १ अंशाने किंवा जास्त चढला तर ती वाळू बाद.

हीच चाचणी सजावटीच्या दगडांवरही करा. आपला काळा दगड स्वतः निरुपद्रवी आहे, पण त्याच्या पोकळ्यांत पांढरे भरीव डाग असतात. काही झिओलाइटचे, काही कॅल्साइटचे. थेंब टाकायचा तो त्या पांढऱ्यावर. फसफसला तर तो दगड बागेत ठेवा.

दाणा १ ते २ मिमीचा सर्वांत बरा. अर्ध्या मिमीच्या खाली वाळू सिमेंटसारखी बसते, मुळांना आणि पाण्याला वाट राहत नाही. ४-५ मिमीच्या वर गेलं की माशांची घाण फटींत उतरून सडते आणि हेअरग्रासची बारीक मुळं काही धरूच शकत नाहीत. घरच्या घरी चाळायचं तर ३ मिमीच्या जाळीतून पडेल तेवढं घ्या आणि खिडकीच्या डासांच्या जाळीवर जे राहील ते ठेवा. त्या जाळीची भोकं साधारण १ ते दीड मिमीची असतात.

क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) आणू नका. दाणे कोनदार आणि सोबत दगडाची भुकटी. भुकटी धुऊन संपत नाही, आणि कोरीडोरास दिवसभर तोंड खुपसून तळ चाळत बसतो, त्याच्या मिशा झिजतात. रंगीत खडी आणि संगमरवराची चिपही नाही. पहिलीचा रंग सुटतो, दुसरी म्हणजे अख्खा चुनाच.

नदीच्या वाळूपेक्षा सरळ सिलिका घ्या असं मी सांगेन. आपल्याकडे फाउंड्रीमुळे ती सहज मिळते, घाटाखाली सिंधुदुर्गात कासार्डे-फोंडा पट्ट्यात तिच्या खाणी आहेत. क्वार्ट्झ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, केएचला हात लावत नाही. "सिलिकामुळे तपकिरी शेवाळ येतं" हे जे ऐकायला मिळतं त्याची काळजी करू नका. ते नव्या टँकमध्ये कुठलाही तळ असला तरी पहिल्या काही आठवड्यांत येतं आणि जातं.

पण उद्यमनगरातून आणताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. वापरलेली मोल्डिंग सँड (फाउंड्रीच्या साच्यांची वाळू) कितीही स्वस्त मिळो, नाही म्हणजे नाही. तिच्यात बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि जळालेलं रेझिन असतं. ती काळी असते म्हणून ओळखू तरी येते. जास्त धोका रेझिन कोटेड सँडचा. ती नवीन असते, स्वच्छ दिसते, पिवळसर, दाणा मोकळा, आणि दाण्यावर फिनॉलिक रेझिनचा थर असतो. दुकानात "कोरी, धुतलेली, कोटिंग नसलेली सिलिका" असंच सांगून मागा. पोत्यावर एएफएसचा (फाउंड्रीतला दाण्याच्या बारीकपणाचा) आकडा असेल तर तो जितका मोठा तितकी वाळू बारीक, ५० म्हणजे जेमतेम ०.२५ ते ०.३ मिमी. ती आपल्या कामाची नाही. त्यापेक्षा पाण्याच्या फिल्टरला लागणारी वाळू विकणाऱ्याकडे ८/१६ मेश मागा. ती १.२ ते २.४ मिमीची असते, नेमकी हवी तशी. १६/३० मिळाली तरी चालेल, ती ०.६ ते १.२ मिमी.

हिरवा_कोपरा

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी सांगत नाही.

आज ॲसिड टाकून बघितलं. बांधकामाची वाळू दोन ठिकाणी चांगलीच फसफसली, दोन्हीकडे पांढरे शिंपल्यासारखे तुकडे होते. म्हणजे ती बाद. रानात गेल्या हंगामात २,४-डी मारलं होतं असं मामा म्हणाले, तेव्हा काळी मातीही बाद. नर्सरीची लाल माती मिळेल, ८/१६ सिलिकाही मिळतेय.

आता तीन शंका. काळ्या मातीच्या जागी काय? थर नेमके कसे आणि किती? आणि वाळूखाली माती सडून विषारी वायू होतो असं एका दुकानात सांगितलं, ते कितपत खरं?

माती_परीक्षा

काळ्या मातीऐवजी कुंभाराची माती घ्या. शाहूपुरीत किंवा बापट कॅम्पला कुंभारवाड्यात चाकावर चढवायची मळलेली माती मिळेल. रंग, चुना काही न मिसळलेली हवी. तिच्यावरही दोन थेंब ॲसिड टाका. वाळवा, कुटा, चाळा.

मासे पुढच्या भागात चरणार आणि झाडं मागे, म्हणून पूर्ण तळाला माती घालूच नका. पुढची १६ सेमीची पट्टी नुसत्या वाळूची. मागच्या ३० सेमीत माती, तीही डाव्या-उजव्या काचेपासून ४ सेमी आत. म्हणजे ८३ × ३० × २.५ सेमी, सव्वासहा लिटर. मिश्रण असं: साडेचार लिटर लाल माती, सव्वा लिटर कुंभाराची माती, अर्धा लिटर जुनं मुरलेलं गांडूळखत. खत यापेक्षा जास्त नको, हात आखडताच बरा.

हे मिश्रण लगेच टाकायचं नाही. टबमध्ये भिजवून दोन दिवस ठेवा, वर तरंगणाऱ्या काड्या आणि मुळ्या काढून फेका, पाणी अलगद ओता, माती ताडपत्रीवर पसरून उन्हात कडकडीत वाळवा. असं तीन ते चार वेळा. याने विरघळणारं नत्र निघून जातं आणि सहज सडणारा भाग आधीच सडून जातो. तयार मातीला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. शेणाचा किंवा आंबट वास येत असेल तर अजून एक फेरी. एप्रिल-मेच्या उन्हात एक फेरी तीन-चार दिवसांत होते, जून लागला की हे काम आपल्याकडे विसरायचं. शेवटी ३ मिमीच्या जाळीतून चाळा.

तळ_आणि_मूळ

थर देण्याची पद्धत:

काचेच्या तळाशी पुढून १६ सेमीवर पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची ५ सेमी उंच पट्टी उभी करा. मागे कोरडी माती २.५ सेमी पसरा. फवारणीच्या बाटलीने ओलसर करा, चिखल नको. तळहाताने हलकं दाबा, म्हणजे आतली हवा निघते. कणकेसारखी थापटायची नाही. मग मागे ३.५ सेमी वाळू आणि पुढे ४ सेमी. काचेलगत, जिथे माती नाही, तिथे वाळूच भरा, म्हणजे बाहेरून मातीची रेघ दिसत नाही आणि काचेजवळ शेवाळ धरत नाही. आता पट्टी अलगद वर ओढा. वाळू सगळी मिळून साधारण १६ लिटर, म्हणजे २६ किलो. ५० किलोचं पोतं आणा, उरलेली पुढे लागतेच.

वाळू आधी धुवायची. बादलीत एका वेळी ५-६ किलो, पाइप तळाशी खुपसून, हाताने ढवळत. ८-१० पाणी तरी जातात. बादलीतलं पाणी ढवळल्यावरही तळ दिसला पाहिजे. इथे कंटाळा केलात तर पुढचे पंधरा दिवस धुकं बघावं लागेल.

पाणी भरताना वाळूवर ताटली ठेवा आणि ताटलीवर बारीक धार सोडा. १० सेमी भरलं की थांबा, झाडं याच पाण्यात लावायची. चिमट्याने झाड तिरपं खुपसा आणि चिमटा तसाच तिरपा मागे काढा. सरळ वर ओढलात तर माती वर येते. मग उरलेलं भरा. पहिल्याच दिवशी गढूळ झालं तर सगळं पाणी काढून पुन्हा भरा, वाट बघत बसू नका. नळाच्या पाण्याला अँटी-क्लोरिन विसरू नका.

झाडं सुरुवातीलाच दाट लावा, मागच्या भागातली निदान ७० टक्के जागा झाकली पाहिजे. मातीतून सुटणारा अमोनिया झाडं खातात. झाडं चार काड्या असतील तर तो शेवाळ खाईल. पहिले दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी ४० टक्के पाणी बदला. मासे चौथ्या आठवड्याच्या आधी नको, आणि त्यानंतरही किट शून्य दाखवेल तेव्हाच.

क्रिप्टोची पानं पहिल्या पंधरवड्यात काचेसारखी होऊन विरघळली तर उपटू नका. जागा बदलली की हे झाड असंच करतं. मुळं जिवंत असतात, तीन-चार आठवड्यांत नवी पानं येतात.

कोरी_सिलिका

वायूचं खरंही आहे आणि अर्धवटही. मातीच्या थरात हवा नसते, म्हणून तिथे वायू होणारच. पहिले दोन महिने वाळूतून मधूनच मोठा बुडबुडा सुटतो. त्याला वास नसेल तर तो बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन. काही बिघडलेलं नाही, उलट सीओटू नसलेल्या टँकला थोडा फायदाच. सडक्या अंड्याचा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड, आणि तेव्हा हलायचं. तो होतो तीन कारणांनी: माती २.५ सेमीपेक्षा जाड, वरची वाळू फार बारीक, किंवा मातीत कच्चं खत. ८/१६ वाळू आणि वाळवलेली माती असेल तर तुमच्याकडे शक्यता कमी.

तरी पहिले दोन-तीन महिने आठवड्यातून एकदा बांबूची बारीक काडी मातीपर्यंत खुपसून काढा, दर ८-१० सेमीवर एक. ढवळायचं नाही, नुसती आत-बाहेर. मुळं पसरली की तीच प्राणवायू खाली नेतात आणि काडीची गरज संपते. पुढच्या वाळूत मलेशियन ट्रम्पेट गोगलगायी सोडल्या तर त्या रात्री वाळू वरखाली करत राहतात.

मागच्या भागात सायफनची नळी वाळूत घुसवू नका, वरून फिरवा. आणि मोठं झालेलं क्रिप्टो मुळासकट उपटायचं नाही, अर्धी माती वर येते. वाळूच्या पातळीला कापा, मुळं आत राहू द्या.

पुरवणी_एक

दोन गोष्टी राहिल्यात.

एक, केएच पावसाळ्यात पुन्हा मोजा. नदीला गढूळ पाणी आलं की शुद्धीकरणात तुरटी जास्त घालावी लागते आणि तुरटी पाण्यातला क्षारपणा खाते. आज ३ असलेला केएच जुलैत तसाच राहील असं धरू नका. २ च्या खाली गेला तर फिल्टरमध्ये कोरलच्या चुऱ्याची मूठभर पुरचुंडी ठेवा आणि आठवड्याने परत मोजा. उन्हाळ्यात कुणी बोअरचं पाणी मिसळत असेल तर उलटं होतं, तेही मोजूनच.

दुसरं हेअरग्रास. तुमच्या आराखड्यात पुढची पट्टी नुसत्या वाळूची आहे, तिथे ते उपाशी राहील, आणि वर आठ कोरीडोरास ते रोज उपटतील. माझ्या मते पुढे काही लावू नका, मोकळी वाळू माशांना द्या. लावायचंच असेल तर एका कोपऱ्यात दगडांची ओळ करून आत लावा.

हिरवा_कोपरा

पुढची पट्टी माशांना सोडली. एवढंच विचारते, या मातीची ताकद किती दिवस पुरेल? नंतर रूट टॅब (मुळाशी पुरायच्या खताच्या गोळ्या) द्यायचे तर किती आणि कुठे?

माती_परीक्षा

सव्वासहा लिटर माती वर्ष-दीड वर्ष तरी निभावते. संपत आल्याची खूण क्रिप्टोवर दिसते: नवं पान आधीच्यापेक्षा लहान, शिरा हिरव्या आणि मधला भाग फिकट. तेव्हाच टॅब सुरू करा, आधी नको.

विकतचे परवडत नसतील तर उरलेली कुंभाराची माती मळून सुपारीएवढ्या गोळ्या करा, प्रत्येकीत आवरणवाल्या सावकाश विरघळणाऱ्या खताचे ८-१० दाणे दाबा आणि सावलीत वाळवा. युरिया किंवा डीएपी चुकूनही नाही, एका रात्रीत अमोनिया होऊन मासे जातील. मागच्या ९१ × ३० च्या पट्ट्यात १५ सेमीच्या अंतराने ६ च्या दोन ओळी, म्हणजे १२ गोळ्या. चिमट्याने थेट मातीच्या थरापर्यंत, वरून ४ सेमी तरी खोल, आणि झाडाच्या बुंध्यापासून ३-४ सेमी लांब. दर तीन महिन्यांनी. गोळी वाळूच्या वर दिसत असेल तर ती काढून पुन्हा खोल घाला, तशीच ठेवली तर त्या जागेवर आठवड्यात हिरवं शेवाळ धरेल.